'मुळे' खोडल्यावर : माध्यमांचं समाजशास्त्र शिकताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'मोबाइलमुळे ग्रामीण स्त्रियांचे जीवन बदलले.' माझ्या मार्गदर्शक मॅडमनी लाल पेनाने त्यातला फक्त 'मुळे' खोडला आणि कागद परत दिले. पुढचं वर्षभर मी त्या दोन अक्षरांवरच काम केलं.

या विषयाला नव्याने येणाऱ्यांच्या हाती आधी पडतात त्या नोट्स. गेटकीपिंग, टू-स्टेप फ्लो, अजेंडा सेटिंग, डिजिटल दरी. प्रत्येकाखाली चार ओळींची व्याख्या आणि एक परदेशी नाव. मीही तशाच पाठ केल्या, पेपरात मार्कही पडले. पण व्याख्येत एक गोष्ट राहून जाते : ही संकल्पना कुठल्या प्रश्नातून निघाली? तेवढं कळलं की पाठ करावं लागत नाही.

टू-स्टेप फ्लोचंच बघा. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकारी ओहायोतल्या एरी काउंटीमधल्या मतदारांकडे महिनोन्‌महिने पुन्हापुन्हा जात होते. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मत फिरवतात का, हे त्यांना बघायचं होतं. मतं फिरलेली फार थोडी निघाली, आणि लोकांच्या बोलण्यात माध्यमांपेक्षा ओळखीची माणसंच जास्त येत राहिली. माध्यमातून काही जाणत्या माणसांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे, असा हा दोन टप्प्यांचा प्रवास. म्हणजे 'रेडिओमुळे' हे तेव्हाच डळमळीत झालं होतं.

पण मला ते खऱ्या अर्थाने कळलं ते पुण्याच्या प्रयोगावरून. आपल्याकडचे विद्यार्थी त्याच्याकडे फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची, आणि शंका-प्रश्न केंद्राला कळवायचे. त्याचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल नॉयराथ यांनी केलं. त्यांची खुबी तुलनेत होती. मंडळ असलेली गावं, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तीन प्रकारची गावं त्यांनी शेजारी ठेवली. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच कमी होती. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक होता तो माणसं कशी बसली यात. हे वाचलं आणि मॅडमनी नेमकं काय खोडलं होतं ते मला समजलं. त्या अहवालाकडे जाल तेव्हा मंडळात बायका किती बसत, हा प्रश्न सोबत न्या.

माझं स्वतःचं काम सातारा जिल्ह्यातल्या एका गावात होतं. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न, 'घरात स्मार्टफोन आहे का?' जवळजवळ सगळीकडे 'आहे की!' मी खुशीत टिक करत गेले. तिसऱ्या दिवशी एक मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हाय, पण त्यो पोराच्या खिशात असतोय." तिथे माझी प्रश्नावली संपली. फोन घरात असणं, स्वतःचा असणं, हाताला लागणं आणि वापरता येणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी चारही एकाच चौकोनात कोंबल्या होत्या. डिजिटल दरी, म्हणजे फोन-इंटरनेट मिळणारे आणि न मिळणारे यांच्यातलं अंतर, दोन घरांच्या मधे असते असं मी समजत होते. ती एकाच उंबऱ्याच्या आतही असते.

मग मी प्रश्न बदलले. काल फोन कोणी, कधी, कुठे बसून हातात घेतला? बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावशींच्या घरचा नंबर होता, पण निरोप वाचून दाखवायचा तो मुलगा. पहिल्यांदा वाटलं, हाच आपला दुसरा टप्पा! पण नाही. एकदा त्याला हप्त्याच्या बैठकीचा निरोप महत्त्वाचा वाटला नाही आणि मावशींची बैठक चुकली. म्हणजे तो जाणता माणूस नव्हता, तो दारावर बसलेला होता, काय आत जाऊ द्यायचं आणि काय नाही ते ठरवणारा. यालाच गेटकीपिंग म्हणतात. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका अमेरिकी वर्तमानपत्राच्या संपादकाचा आठवडा तपासला होता. वृत्तसंस्थांकडून तारेवरून आलेल्या मजकुरापैकी त्याने जेमतेम दहावा हिस्सा छापला होता. कुठली बातमी का वगळली, याची कारणं त्याने स्वतःच लिहून दिली. मीही त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आईला त्यातलं काय कळणारे?" माझ्या अख्ख्या लघुप्रबंधातलं सर्वांत मोलाचं वाक्य ते आहे.

अजेंडा सेटिंगवर, म्हणजे लोकांनी कुठले विषय महत्त्वाचे मानायचे हे माध्यमं ठरवतात या कल्पनेवर, फार वेळ घालवू नका. १९६८ च्या निवडणुकीत चॅपल हिलमधल्या कुणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या शंभर मतदारांचा अभ्यास मॅकोम्ब्ज आणि शॉ यांनी केला, तो मुळातून वाचा, छोटा आहे. माध्यम स्वतःच समाज बदलतं असं मांडणारे कॅनडाचे विचारवंत मार्शल मॅक्लुहान मात्र सांभाळून वाचा. ते वाचताना भारावून जायला होतं आणि 'मुळे' परत लेखणीत शिरतो. त्यांच्या पाठोपाठ लगेच त्यांचे टीकाकार, ब्रिटिश अभ्यासक रेमंड विल्यम्स घ्या. तंत्रज्ञान आकाशातून पडत नाही, ते कुणाच्या तरी गरजेतून, पैशातून आणि हेतूतून घडतं, हे त्यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीवर लिहिताना ठामपणे मांडलं. दोघांचं भांडण समजलं की निम्मा अभ्यासक्रम समजला, असं माझं मत आहे.

मराठी परिभाषेचं दडपण घेऊ नका. मुलाखती गावच्या बोलीतच उतरवून घ्या. 'हाताला लागणं' हा माझ्या एका प्रकरणाचा मथळाच झाला, आणि तो शब्द मला त्या बायकांनी दिला.

शेवटची गोष्ट परवानगीची. गटाच्या अध्यक्षांनी हो म्हटलं म्हणून मी ग्रुपवरच्या निरोपांचे स्क्रीनशॉट काढत सुटले होते. त्यात कुणाच्या थकलेल्या हप्त्याबद्दलही होतं. एका ताईंनी विचारलं, "माझं नाव बी घातलंय का त्यात?" त्या संध्याकाळी मी सगळे स्क्रीनशॉट पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून एकेकीच्या घरी जाऊन विचारायला सुरुवात केली. चौघींनी नको म्हणून सांगितलं.