आडवी पडलेली ऑफरोड बाइक हातानं कशी उचलायची, कशी वळवायची

ऑफरोडच्या हलक्या बाइकचं वजन साधारण १०० ते १२० किलो. पण ते सगळं आपल्या हातावर येत नाही. चाकं जमिनीवर टेकलेली असतात आणि आपण गाडी त्यांच्यावर उभी करतो. त्यामुळे चाकं जागची हलू द्यायची नाहीत, हे पहिलं काम.

किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण) दाबा. कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा. मागचं चाक हातानं फिरवून गाडी गिअरमध्ये आहे का बघा. डावीकडे पडलेली गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअरचा दांडा बहुधा गाडीखाली दबलेला असतो आणि गिअर टाकता येत नाही. अशा वेळी पुढच्या ब्रेकचा लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीनं ग्रिपला आवळून बांधा. ही पट्टी कायम हँडलला अडकवलेली असावी. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड वरच्या बाजूला येतो. तो आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचलण्याच्या जोरात गाडी पलीकडे जाते.

आता सीटच्या बाजूला, गाडीकडे तोंड करून उभे राहा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे खालचा ग्रिप टाकीजवळ येतो. एक हात त्या ग्रिपवर, दुसरा सीटखालच्या फ्रेमवर. मडगार्डचं टोक धरू नका, प्लास्टिक तुटतं. सायलेन्सरपासूनही हात लांब ठेवा. गुडघे वाकवा, पाठ सरळ, छाती गाडीला चिकटलेली, आणि जोर पायांनी लावा. पहिला वीतभरच सगळ्यात जड असतो. तिथेच लोक कमरेत वाकून हिसका देतात आणि उसण भरते. गाडी थोडी वर आली की सीटखाली मांडी घाला, दम घ्या, मग उभी करा.

उतारावर पडलेली गाडी चाकं वरच्या अंगाला असतील तर तशीच उचलायला जाऊ नका. आडवीच ठेवून पुढचं चाक धरून खाली ओढत आणा. हँडल आणि फूटरेस्टवर गाडी फिरते. चाकं खालच्या अंगाला आली की वरच्या बाजूला उभे राहून उचला आणि उभी झाल्यावर ती आपल्याच अंगावर कललेली ठेवा. गाडीच्या खालच्या बाजूला कधीच थांबू नये.

मागचं चाक चरात अडकलं तर सीट जोरात खाली दाबा आणि शॉकअप वर उसळेल त्याच क्षणी फ्रेम धरून बाजूला ढकला. एका वेळी वीतभर सरकलं तरी पुष्कळ. फ्रेमला दोन इंच रुंद पट्टा बांधलेला असेल तर बोटं चेन-स्प्रॉकेटजवळ जात नाहीत. साइड स्टँडवर तोलून गाडी गोल फिरवण्याची युक्ती झटपट आहे खरी, पण सगळा भार स्टँडच्या ब्रॅकेटवर येतो. तो तडकला तर वेल्डिंगचा खर्च. हलक्या गाडीवर, कडक जमिनीवर आणि क्वचितच करावी.

चढावर ढकलताना डाव्या बाजूनं चाला, इंजिन चालू, फर्स्ट गिअर, हाफ क्लच. थ्रॉटल जेमतेम. चाक जागच्या जागी फिरू लागलं की थांबा, नाहीतर खड्डा खोल होतो. उतरताना उलट करा: इंजिन बंद, गिअर फर्स्टमध्येच. क्लच दाबला की गाडी सुटते, सोडला की मागचं चाक अडतं. उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतोच, पण निसरड्या मातीत फक्त त्याच्यावर भिस्त ठेवली तर पुढचं चाक घसरतं.

पुन्हा स्टार्ट करण्याआधी लिव्हर, ब्रेकचं पेडल आणि गिअरचा दांडा वाकलेत का बघा. फ्युएल इंजेक्शनची (कार्बोरेटर नसलेली) गाडी सुरू होत नसेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा. पडल्याचं ओळखणारा सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्या त्याशिवाय सुरूच होत नाहीत. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त झालं असेल तर चोक न लावता, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारा, आणि इंजिन पेटलं की लगेच थ्रॉटल सोडा.