ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढावी

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या उत्तरेकडचं शहर. लाँगइयरब्येन त्याच्याही बरंच वर, स्वालबार्ड बेटांवर. नियमित प्रवासी विमानं उतरतात असा जगातला सर्वांत उत्तरेकडचा विमानतळ इथलाच. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ भारताच्या 'हिमाद्री' केंद्रावर जातात तेही लाँगइयरब्येनवरूनच. या दोन विमानतळांमधलं अंतर शाळेतल्या गणितावर निघतं.

सर्वांत आधी भिंतीवरचा नकाशा विसरा. त्यावर पट्टी लावलीत की फसलात, कारण ध्रुवाकडचा भाग त्यात बहुधा ताणून मोठा केलेला असतो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणा. निदान अंदाज येईल.

नेमक्या आकड्यासाठी अक्षांश-रेखांश घ्या. ट्रॉम्सो ६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व, लाँगइयरब्येन ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व. अक्षांशांतला फरक ८.५७ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उभं अंतर ९५१ किलोमीटर.

आडव्या अंतराला मात्र १११ लावू नका, बहुतेकांची चूक इथेच होते. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटर भरतो, लाँगइयरब्येनला जेमतेम २३! आपण दोन्हींच्या मधला ७४ अक्षांश धरू. त्याची कोसाइन ०.२७६, तिला १११ ने गुणलं की एका अंशाचे साधारण ३०.६ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.४५ अंश, म्हणजे आडवं अंतर १०६. आता पायथागोरस: ९५१ आणि १०६ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. उत्तर ९५७ किलोमीटर.

आता वेळ. बोइंग ७३७ सारखं जेट विमान उंचीवर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. भागाकार केला की १ तास ९ मिनिटं येतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांची अर्धा तास भर घाला: सुमारे १ तास ४० मिनिटं. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल तर आणखी सुमारे ७ मिनिटं. दोन्हीकडे घड्याळ एकच, त्यामुळे वेळेची वजाबाकी नाही.

प्रवासाचा वेळ मात्र याहून जास्त धरा. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातल्या लोकांनाही ट्रॉम्सोला उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो. धुकं दाटलं तर विमान न उतरता माघारी फिरू शकतं, म्हणून परतीच्या पुढच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवाच. आणि भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्यावा. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण परत येताना शेंगेनमध्ये पुन्हा शिरावं लागतं.