तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये पेशंट वाळतोय? या चुका टाळा

"जेवण जात नाही म्हणून वाळलाय, ऑपरेशन झालं की भरेल." रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच घरांत असं म्हणून महिना जातो. पण कमी जेवण हे अर्धंच कारण असतं. गाठीमुळे अंगभर दाह वाढतो, त्याने भूक मरते आणि शरीर स्वतःचे स्नायू झिजवू लागतं. नुसत्या उपासमारीपेक्षा ही झीज जास्त हट्टी असते.

दुसरी चूक म्हणजे गाठ नेमकी कुठे आहे हे न विचारणं. स्वरयंत्रावरची लहान गाठ आवाज बसवते, पण जेवण बरेच दिवस चालू राहतं. जिभेच्या मुळाशी किंवा घशाच्या तळाशी असेल तर गिळणं लवकर अडतं आणि पेशंट निदानालाच वजन घटवून येतो. गुटखा-सुपारीने आधीच तोंड आखडलेलं असेल आणि गालाच्या गाठीने जबडा धरला, तर घास आत जायलाच वाट राहत नाही. रिपोर्टवर टी३ किंवा टी४ लिहिलंय, म्हणजे गाठ मोठी आहे किंवा शेजारच्या भागात शिरलीय. अशा वेळी आहारतज्ज्ञाची भेट उपचार ठरतानाच मागून घ्या, रेडिएशन अर्ध्यावर आल्यावर नको.

आता पेज. आजारी माणसाला पेज द्यायची हे आपल्या हाडात मुरलंय आणि इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो. मूठभर, समजा २० ग्रॅम, तांदळाची वाटीभर पेज म्हणजे जेमतेम ७० कॅलरी. पेशंटला साधारण दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाचा हिशेब १२५० ते १५०० कॅलरींवर जातो. तेवढी पेज कोण पिणार? पोट पाण्याने फुगतं आणि आई म्हणते, "दिवसभर काही ना काही घेतोय की!" पेज सोडू नका, तिला वजनदार करा: तूप, नारळाचं घट्ट दूध, शिजवून घोटलेली मूगडाळ, मऊ उकडलेलं अंडं कुस्करून. मासे चालत असतील तर काटे नीट काढून मिक्सरला लावा. नाचणीचं सत्त्व दुधात करा. तोंड सोललेलं असताना सोलकढी आणि मालवणी मसाला मात्र झोंबतो, तो हट्ट नको.

डोळ्यांनी वजन मापू नका. अंगाने जाड माणसाचेही स्नायू आतून गेलेले असू शकतात आणि चरबीमुळे ते कळत नाही. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून जास्त वजन आपोआप उतरलं, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. जिना चढताना दम लागणं, खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता न येणं, हेही सांगा.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर "हळू पी" म्हणून पाजत राहू नका. ते पाणी श्वासनलिकेत जात असू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी करून घ्या.

नाकातून पोटात आहार पोचवणाऱ्या नळीला नकार देणं ही भीतीपोटी होणारी चूक. "नळी लागली म्हणजे संपलं" हे खरं नाही. रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे चालतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, आणि त्या काळात नळीमुळे उपचारात खंड पडत नाही. नळी महिन्याहून जास्त लागणार असेल तर पोटातून बसवायचा पर्याय विचारा. नळी असली तरी थेरपिस्टने सांगितलेले गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम सोडायचे नाहीत.

साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, हा व्हॉट्सअ‍ॅपचा शोध. उपाशी पेशंटच मरतो. (मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तो हिशेब डॉक्टरांशी.)

उलट, बरेच दिवस जवळजवळ काहीच पोटात नसलेल्या माणसाला नळी लागल्याबरोबर भरपूर आहार देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयावर ताण येऊ शकतो. सुरुवात थोड्यापासून आणि रक्त तपासत, तीही हॉस्पिटलच्या देखरेखीखाली.