नाव तेच, पाने वेगळी: शीट म्युझिक घेताना या चुका टाळा

शीट म्युझिक, म्हणजे रचनेचे छापील स्वरलेखन, घेताना बहुतेकांचे लक्ष रचनेच्या नावावर असते; त्याच नावाची अनेक रूपे बाजारात मिळतात, हे बऱ्याचदा पाने हातात पडल्यावरच कळते. बेटोव्हेनचे ‘फ्यूर एलिझे’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या सुरुवातीच्या ओळी वर्षभर पियानो शिकलेल्या मुलालाही जमतील अशा आहेत, पण मूळ रचना पुढे एफ मेजर या पट्टीत जाते तेव्हा उजव्या हाताला फार वेगाने धावणारे स्वर वाजवावे लागतात, आणि शेवटाकडे डाव्या हातात ‘ए’ हा एकच स्वर घुमत असताना वर भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) येतात. म्हणून पहिल्या पानावरून अंदाज बांधू नये; जे पान स्वरचिन्हांच्या गर्दीने सर्वांत काळे दिसते, त्यावरचे चार बार (उभ्या रेघांमधले तालाचे भाग) सावकाश वाजवून पाहावेत आणि मगच निर्णय घ्यावा.

मुखपृष्ठावरच्या ‘सोपे’ या शब्दावरही भिस्त ठेवू नये, कारण प्रत्येक प्रकाशकाची त्याबद्दलची कल्पना निराळी असते. त्यापेक्षा एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या संगीत परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या इनिशियल ते आठव्या ग्रेडपर्यंतच्या अभ्यासक्रमांतील रचनांशी हाती असलेली रचना ताडून पाहणे अधिक भरवशाचे आहे.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो मात्र वाद्याच्या पट्टीमुळे. लग्नाच्या बँडमध्ये दिसणारा क्लॅरिनेट साधारणतः बी फ्लॅटचा असतो, म्हणजे वादकाने कागदावरचा ‘सी’ वाजवला की प्रत्यक्षात बी फ्लॅट, आपल्या भाषेत काळी पाच, ऐकू येतो. घरात एकाने पियानोची पाने आणली आणि दुसऱ्याने त्याच पानावरून क्लॅरिनेट धरला, तर दोघेही लिहिल्याबरहुकूम वाजवत असूनही पहिल्याच बारपासून एका पूर्ण स्वराच्या अंतराने एकमेकांना छेद देत राहतात, आणि दोष उगाचच वाद्य सुरात नसण्यावर जातो. उपाय एवढाच, की क्लॅरिनेटसाठी सगळे स्वर एक पूर्ण स्वर वर लिहून घ्यावेत. त्यामुळे पियानो डी मेजरमध्ये, दोन शार्पांवर (स्वर अर्ध्याने चढवणाऱ्या खुणांवर), असेल तर क्लॅरिनेटच्या वाट्याला ई मेजरचे चार शार्प येतात. नवशिक्यासाठी निवड करताना हेही मोजावे. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा असल्यामुळे त्याचे गणित आणखी निराळे असते: पियानोच्या ‘सी’साठी त्याच्या कागदावर ‘ए’ लिहिलेला असावा लागतो. पानाच्या माथ्यावर वाद्याचे नाव आणि त्याची पट्टी छापलेली आहे का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.

गिटारची पाने बासरी किंवा व्हायोलिनसाठी घेणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. तिन्ही वाद्यांचे स्वर ट्रेबल क्लेफ या एकाच खुणेने सुरू होणाऱ्या ओळींवर लिहितात, परंतु गिटारचे लेखन ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा एक सप्तक वर असते आणि कागदावर ते मध्य ‘सी’च्या (पियानोच्या मधोमधच्या ‘सी’च्या) खाली ‘ई’पर्यंत उतरते. व्हायोलिनची सर्वांत खालची तार ‘जी’ची असते आणि पाश्चात्त्य बासरी साधारणपणे मध्य ‘सी’वरच थांबते, त्यामुळे तेवढे स्वर या वाद्यांवर निघतच नाहीत. केवळ टॅब (तारेवर बोट कोठे ठेवायचे ते आकड्यांनी दाखवणारे लेखन) असलेली पाने घ्यायची झाल्यास त्यांत लय दिलेली आहे ना, हेही तपासावे; पुष्कळ टॅबमध्ये बोट कोठे ठेवायचे एवढेच कळते, किती वेळ ठेवायचे ते कळत नाही.

पियानोबाबत वयाचाही विचार करावा लागतो. पियानोवर एका सप्तकाचे अंतर सुमारे 16.5 सेंटिमीटर भरते आणि लहान मुलांच्या हातांना ते सहसा पेलत नाही. अशा वेळी मुलाची तयारी कितीही चांगली असली, तरी सलग सप्तकांची उडी मागणारी पाने दोन-तीन वर्षे पुढे ढकलणेच बरे.