युरिन कल्चरचा रिपोर्ट आला की काय काय बघायचं

कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीचा, रिपोर्ट मोबाईलवर आला की बहुतेक जण डायरेक्ट खाली औषधांच्या यादीवर जातात, आर आर आर (आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही) बघतात आणि घाबरतात. तसं करू नका, वरून वाचत या.

त्याच्याही आधी सॅम्पल. ते चुकलं तर पुढचं सगळं वाया. अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्यायचं, सुरुवातीची लघवी सोडून मधली धार लॅबच्या डबीत घ्यायची आणि 2 तासांच्या आत पोचवायची, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची, कारण बाहेर राहिली की जंतू डबीतच वाढत बसतात आणि काउंट उगाच फुगतो.

रिपोर्टवर 'मिक्स्ड ग्रोथ', म्हणजे बरेच वेगवेगळे जंतू एकत्र उगवलेत असं, असेल तर बहुतेक वेळा बाहेरची भेसळ असते, परत सॅम्पल द्या. एका मिलीला 1 लाखाच्या वर काउंट म्हणजे डॉक्टर लक्ष देतात, पण जळजळ नाही, ताप नाही, तर नुसत्या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. गरोदरपणात मात्र लागतं, तेव्हा अंगावर काढू नका.

मग जंतूचं नाव. क्लेबसिएला असेल आणि अँपिसिलिन या औषधापुढे आर असेल तर धसका घेऊ नका, तो तिचा जन्मजात गुण आहे. एस म्हणजे नेहमीच्या डोसने काम होण्याची शक्यता चांगली, आर म्हणजे त्या औषधाच्या नादी लागू नका, आणि आय चा अर्थ औषधागणिक बदलतो म्हणून तो डॉक्टरांनाच विचारा. बाजूला एमआयसीचे (जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं त्याचे) आकडे असतात, 0.25, 16 वगैरे, त्यात सगळ्यात लहान आकडा तेच बेस्ट औषध असं अजिबात नाही, प्रत्येक औषधाची पट्टी वेगळी.

आणि हा आर तुमच्या शरीराचा नाही, त्या जंतूचा आहे. 'मला हे औषध लागूच पडत नाही' असं लोक वर्षानुवर्षं धरून बसतात.

'ईएसबीएल पॉझिटिव्ह' लिहिलंय तिथे थांबा. म्हणजे तो जंतू असं एन्झाइम बनवतो जे सेफ्ट्रायॅक्झोनसारख्या अँटिबायोटिकची बीटा-लॅक्टम रिंग, म्हणजे ज्या भागामुळे औषध काम करतं तोच, तोडून टाकतं. यातली सीटीएक्स-एम नावाची जी जीन आज जगभर पसरलीय ती मूळची क्लुयव्हेरा नावाच्या, मातीपाण्यात राहणाऱ्या जंतूची, तिथून प्लाझमिडवर (एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसून ई. कोलाय या लघवीच्या इन्फेक्शनमधल्या नेहमीच्या जंतूमध्ये आली. मातीत हे युद्ध फार जुनं आहे, स्ट्रेप्टोमायसिस नावाचे मातीतले जंतू औषध बनवणार आणि शेजारचे त्यावर तोड काढणार, कॅनडात युकॉनच्या 30,000 वर्षं गोठलेल्या मातीतही अशा जीन्स सापडल्यात. हॉस्पिटलमध्ये काय होतं, तर रोज अँटिबायोटिक्स चालू, साधे जंतू मरतात, आर वाले उरतात आणि हातावरून, कॅथेटरवरून (लघवीसाठी घातलेली नळी) पुढच्या पेशंटकडे जातात. कॅथेटरवर तर ते बायोफिल्मचा चिकट थर करून बसतात, औषध आत नीट पोचतच नाही. म्हणून घरचं कोणी ऍडमिट असेल तर रोज राउंडला विचारा, कॅथेटर अजून लागतोय का? कोणाला राग येत नाही आणि आला तरी विचारा.

यादीत एस दिसलं म्हणून मेडिकलमधून स्वतः औषध आणू नका, किडनी, वय, इन्फेक्शन कुठवर गेलंय यावर डोस ठरतो, आणि नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाला चालतं पण किडनीच्या इन्फेक्शनला नाही, हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं. जुने रिपोर्ट डिलीट करू नका, पुढच्या वेळी दाखवताना गेल्या 3 महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक झालं आणि तुम्ही ऍडमिट झाला होतात का, तेही आपणहून सांगा.