आजवर बंद असलेली शाखा उघडताना युनिटने काय तयारी करावी

आजवर ज्यांना मज्जाव होता त्यांना लढाऊ शाखेत घ्यायचा हुकूम आला, की पहिला प्रश्न हमखास असतो: 'बाकीच्यांना चालेल का?' यावर मतं गोळा करत बसू नका. ब्रिटनमध्ये समलिंगी सैनिकांवरची बंदी उठण्याआधी बहुतेक सैनिकांनी विरोधच नोंदवला होता. जानेवारी २००० मध्ये बंदी उठली आणि भाकीत केलेला गोंधळ झालाच नाही. मनात काहीही असो, हुकूम स्वच्छ असला की सैनिक त्याप्रमाणे वागतो. उलट वरिष्ठच कुरकुरले तर कागद कागदच राहतो. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये सैन्यात वंश न पाहता समान वागणुकीचा आदेश काढला, तरी अमेरिकी लष्करात काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र तुकड्या सर्रास दिसू लागल्या त्या कोरियन युद्धात माणसं कमी पडल्यावर.

सुरुवात कामांच्या यादीने करा. तोफखान्यात १५५ मिमीचा गोळा ४५ किलोच्या आसपास भरतो; तो किती वेळा, किती उंचीवर उचलावा लागतो ते प्रत्यक्ष मोजा. त्यावरून ठरलेली चाचणी सगळ्यांना एकच, सूट कोणालाही नाही. वय-लिंगानुसार बदलणारी तंदुरुस्तीची चाचणी वेगळी, कारण ती फक्त तब्येत मोजते. या दोन्हींची सरमिसळ झाली की 'यांना सवलतीत घेतलं' हा शिक्का बसतो, आणि तो पुसायला वर्षं जातात.

मग साहित्य. बुलेटप्रूफ जॅकेट घालून तीन गोष्टी करायला लावा: पालथं पडून नेम धरणं, गाडीत बसणं, दोन्ही हात डोक्यावर नेणं. जॅकेटमधली चिलखती प्लेट लांब असेल तर बसताना ती मांडीवर टेकून गळ्याकडे सरकते. केसांचा अंबाडा मागे असेल तर पालथं पडल्यावर हेल्मेट पुढे ढकललं जाऊन डोळ्यांवर येतं. अंबाडा खाली, मानेजवळ बांधायची मुभा दिली तर हे टळतं. क्षुल्लक वाटेल, पण नेम इथेच चुकतो.

सगळ्यात जास्त माणसं मात्र चालण्यात गमावली जातात. ड्रिलचं पाऊल तीस इंचांचं. बुटक्या व्यक्तीने ओझं घेऊन ते ताणत राहिलं की ओटीपोटाच्या हाडाला (पेल्व्हिस) बारीक तडा जातो. लांब मार्चला बुटक्यांना पुढे ठेवा आणि पाऊल त्यांना ठरवू द्या. जांघेतलं दुखणं 'स्नायू आखडलाय' म्हणून उडवून लावू नका. सुरुवातीच्या एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी पळवू नका.

वागणुकीचा नियम एका पानात मावला पाहिजे, आणि तो माणूस कोण आहे यावर नव्हे, तर त्याच्या वागण्याने कामगिरीला बाधा येते का यावर बेतलेला हवा. नको असलेला स्पर्श, हाताखालच्या व्यक्तीशी संबंध, टोमणे: कोणीही केलं तरी कारवाई तीच. तक्रारीची एक वाट थेट वरिष्ठाला वगळून जाणारी ठेवा, कारण बरेचदा तक्रार त्याच्याच विरुद्ध असते.

नव्यांना एकेकटं विखरून टाकू नका. प्रत्येक तुकडीत एक दिला की आकडा छान दिसतो, पण त्या एकाची प्रत्येक चूक सगळ्या गटाच्या नावावर चढते. निदान दोघं-तिघं एकत्र द्या.

तीन महिन्यांनी ड्युटी रोस्टर काढून बघा. नवी मंडळी वारंवार ऑफिस, स्टोअर नाहीतर पाहुण्यांच्या सरबराईत दिसली, तर कोणीतरी 'काळजीपोटी' त्यांना खऱ्या कामापासून दूर ठेवतंय. रात्रीच्या गस्तीची पाळी त्यांनाही त्याच क्रमाने लावा.