कसबा पेठ पायी कशी पाहावी

पुण्यात आलेला पाहुणा शनिवारवाड्याची तटबंदी, दगडूशेठ हलवाई गणपती आणि तुळशीबागेतील खरेदी एवढे उरकून परततो. त्यात गैर काही नाही. परंतु पेशव्यांनी १७३० साली शनिवारवाड्याचे बांधकाम हाती घेण्याच्या कितीतरी आधीपासून नांदती असलेली कसबा पेठ तेथून शिवाजी रस्ता ओलांडला की सुरू होते, आणि तिकडे फारसे कोणी वळत नाही. या पेठेत तिकीट नाही, माहिती सांगणारा फलक क्वचितच आढळतो आणि छायाचित्रासाठी ठरलेली जागा तर नाहीच. त्यामुळे येथे काय पाहायचे आणि कसे पाहायचे, हे थोडे ठरवून गेलेले बरे.

पहिली गोष्ट म्हणजे वाहन घेऊन जाऊ नये. गल्ल्या अरुंद आहेत, दुचाकींच्या रांगांनी त्या आणखी अरुंद झाल्या आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मा वेळ जातो. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून कसबा पेठ मेट्रो स्थानकावर उतरून थेट चालू लागता येते. वेळ सकाळची धरावी, मात्र अगदी पहाटेची नको. पेठेतील कारागीर अंघोळ-न्याहारी आटोपून कामाला बसतात आणि त्यांचे काम पाहणे हाच या फेरफटक्याचा गाभा आहे. दुपारी जाण्याचा विचार सोडून द्यावा. पुण्याच्या दुपारविषयी जे बोलले जाते ते अतिशयोक्त असले, तरी सर्वस्वी खोटे नाही. गणेशोत्सवाचे दिवसही या कामासाठी टाळावेत, कारण तेव्हा माणूस चालत नाही, गर्दीबरोबर सरकतो.

सुरुवात कसबा गणपतीपासून करावी. हे पुण्याचे ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतील मानाचा पहिला गणपती असल्याने पत्ता कोणालाही विचारता येतो. दर्शन घेऊन बाहेर पडल्यावर लगेच पुढे धावू नये. आजूबाजूच्या जुन्या घरांकडे पाहण्याची नजर येथेच तयार करून घ्यावी. दुकानांच्या पाट्यांच्या उंचीवर नजर ठेवल्यास कोणतीही बाजारपेठ सारखीच दिसते, म्हणून नजर एकतर पायाशी न्यावी किंवा पहिल्या मजल्यावर. पायाशी काळ्या दगडाचे घडीव जोते दिसले आणि त्यावर आजच्या विटेपेक्षा बरीच पातळ वीट असली, की ती भिंत जुन्या वाड्याची असे समजावे. दरवाजा मोठा असेल तर त्याच्या एका फळीत वाकून आत जाण्याएवढी दिंडी असते, आणि चौकटीच्या माथ्यावर मधोमध गणेशपट्टी. तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने खिडक्या जवळजवळ नसतात, असल्या तर लहान असतात. धामधुमीच्या काळात घराने रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करावे, हेच शहाणपणाचे होते. उजेड, वारा, तुळशीवृंदावन, बायकांच्या गप्पा, सगळे त्या चौकात. वरच्या मजल्यावर मात्र लाकडी सज्जा, सुरूच्या आकाराचे खांब आणि महिरपी कमानी दिसतात.

वाडे झपाट्याने कमी होत आहेत. घरभाडी गोठवणारा मुंबई इलाख्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आल्यानंतर मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना, अशी कोंडी पिढ्यान्‌पिढ्या चालली. नदीकाठच्या पेठांमध्ये १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा पूर आला, तेव्हा मातीत बांधलेल्या असंख्य भिंती पाण्याने विरघळून बसल्या. उरलेल्या वाड्यांच्या जागी आता इमारती होत आहेत. पुष्कळदा इमारतीला वाड्याचेच नाव राहते आणि तळाशी वाहनतळ येतो. म्हणून वाडा पाडलेला रिकामा भूखंड दिसला तर तेथे अवश्य थांबावे. शेजारच्या घराच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर गेलेल्या वाड्याचा अक्षरशः उभा छेद वाचता येतो: तुळयांची टोके जेथे भिंतीत शिरली होती ती चौकोनी भोके एका ओळीत दिसतात, त्यावरून मजल्यांची उंची कळते, दिवा ठेवण्याच्या कोनाड्यात काजळीचा काळा पट्टा असतो, आणि एका मजल्यावर निळा, दुसऱ्यावर पिवळा रंग दिसला, की बिऱ्हाडे वेगळी होती हे ओळखावे. शाबूत वाड्यातही इतके उघडपणे दिसत नाही.

पुढे तांबट आळीचा रस्ता विचारावा. जवळ आल्यावर तो विचारावा लागत नाही, कारण ठोक्यांचा आवाज वाट दाखवतो. पेशवाईत कोकणातून येथे येऊन वसलेल्या त्वष्टा कासार समाजाची ही आळी. पुढे कारखाना आणि मागे किंवा वर घर, अशी तिची मांडणी. तांब्याचा पत्रा कापून, तापवून मऊ करून आकार दिल्यावर भांडे जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीवर बसवतात आणि हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून असा देत जातात. यालाच माठारकाम म्हणतात. त्याने भांड्यावर चकाकणारी खवल्यांसारखी नक्षी उमटते, पण ठोके केवळ शोभेसाठी नसतात. तापवून मऊ पडलेले तांबे ठोकल्याने पुन्हा कठीण होते आणि भांडे चेपत नाही. पाणी तापवण्याचा बंब मिळाला तर आत डोकावून पाहावा: मधोमध निखाऱ्यांसाठी उभी नळी, खाली राखेची जाळी, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. अंगणात तो पेटवणारी घरे आता फारशी राहिलेली नाहीत, त्यामुळे आळीतील पुष्कळ हात शोभेच्या दिव्यांकडे आणि फुलदाण्यांकडे वळले आहेत.

खरेदी करायची असल्यास नक्षी उजेडात धरून पाहावी. हाताच्या ठोक्यांमध्ये किंचित असमानता असते, यंत्राने दाबलेली नक्षी मोजून मारल्यासारखी एकसारखी असते. स्वयंपाकाचे भांडे घेताना आतून कल्हई आहे ना, हे विचारावे, कारण उघड्या तांब्यात आंबट पदार्थ बिघडतो.

येथे वागण्याचाही प्रश्न आहे. ही आळी कोणासाठी मांडलेले प्रदर्शन नव्हे. लोक तेथे राहतात आणि पोट भरतात. उंबऱ्याशी उभे राहून “काका, जरा पाहू का?” एवढे विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत, आणि हातातले काम थोडे थांबले असेल तर ते स्वतःहून माहितीही सांगतात. विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये, वाड्याची दिंडी उघडी दिसली म्हणून थेट चौकात जाऊ नये, आणि दारातल्या आजींचे तर मुळीच चोरून छायाचित्र घेऊ नये.

पाय थकले नसतील तर पूर्वेकडे चालत नागझरीचा ओढा ओलांडावा. कसब्याची ही जुनी हद्द आज नाल्याच्या अवस्थेत आहे, तेव्हा तेथे रेंगाळण्यासारखे काही नाही. पलीकडे सोमवार पेठेत, कमला नेहरू रुग्णालयाजवळ, त्रिशुंड गणपतीचे मंदिर आहे. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ साली त्याचे काम सुरू केले. वीट-लाकडाच्या पेठेत काळ्या पाषाणाचे, दर्शनी भिंत शिल्पांनी भरून गेलेले हे मंदिर एकदम वेगळे उठून दिसते. गणेश तीन सोंडांचा आणि मोरावर आरूढ आहे. दर्शनाची घाई करण्यापूर्वी दाराच्या दोन्ही बाजू नीट पाहाव्यात. साखळदंडाने जखडलेला गेंडा आणि त्याच्याजवळचे शिपाई शोधून काढावेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीवरचे हे भाष्य असल्याचा अर्थ अनेकजण लावतात आणि तो मोह समजण्याजोगा आहे. आत संस्कृत व फारसी असे दोन्ही भाषांतील शिलालेख आहेत. खालचे तळघर एरवी बंद असते. ते पाहण्याची इच्छा असल्यास गुरुपौर्णिमेच्या सुमारास मंदिरात चौकशी करून जावे.